वार्तापत्राचे बिऱ्हाड हलवावे का?

आज मी आपल्याशी एका लहानशा, पण अलीकडे बऱ्याच जणांना पडू लागलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. आपण ई-मेलने एखादे वार्तापत्र पाठवत आहोत. ज्या सेवेच्या मार्फत ते पाठवतो, तिने दर वाढवले, नियम बदलले, किंवा शेजारची दुसरी सेवा अधिक देखणी दिसू लागली. अशा वेळी आपल्या पत्राचे बिऱ्हाड उचलून तिकडे न्यावे की आहे तेथेच राहावे?

प्रश्न शहरातला वाटेल. पण शिंदखेडा, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर या आपल्या टापूतही आता असे पत्र पाठवणारी माणसे आहेत. एखादा शिक्षक माजी विद्यार्थ्यांना शाळेची खबर कळवतो, कुणी ग्रंथपाल नव्या पुस्तकांची ओळख करून देतो, शेतकऱ्यांचा एखादा गट कापसाच्या आणि मिरचीच्या भावाविषयी चार ओळी धाडतो. वाचक दोनशे असोत की दोन हजार, त्यांनी आपला पत्ता विश्वासाने आपल्या हवाली केलेला असतो. म्हणून हा निर्णय केवळ सोयीचा राहत नाही. त्यात दुसऱ्याच्या विश्वासाचाही भाग येतो.

तसे पाहिले तर प्रश्न नवा नाही. मराठी नियतकालिकांना तो दीडशे वर्षांपासून पडत आला आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले. पैशाची ओढाताण झाली आणि पत्र चालेना. पुढे १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन चालवले. मुंबईत गिरण्या होत्या, गिरण्यांत कामकरी होते, आणि त्यांच्या सुखदुःखाविषयी लिहिणारे पत्र तेथे हवे होते. ‘दीनबंधु’ने गाव बदलले, पण कोणासाठी लिहायचे हे बदलले नाही. म्हणून ते स्थलांतर सार्थकी लागले.

दुसरे उदाहरण आपल्या खान्देशातलेच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथल्या छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. स्वतः लिहायचे आणि मुलांनी ते वाचायचे. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. हाताने लिहिलेल्या दैनिकाकडून छापील मासिकाकडे जाणे, हा बदल बारीक नव्हे. छापील अंक छात्रालयाच्या भिंतीबाहेर जाऊ शकतो, हा लाभ. पण हस्तलिखिताला छापखाना, कागदाचे बिल, वर्गणी आणि टपालखर्च लागत नाही, आणि रात्री सुचलेले सकाळी मुलांच्या हाती पडते. ते सुख मासिकात उरत नाही. प्रत्येक स्थलांतरात असे काही मिळते आणि काही सुटते. काय सुटले तर चालेल आणि काय सुटता कामा नये, हे आधी ठरवावे लागते.

त्याच गुरुजींनी १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत ‘साधना’ सुरू केली. १९५० साली गुरुजी गेले. ‘साधना’ पुढे पुण्यास गेली आणि आजही निघते. जागा बदलली, संपादक बदलले, आता ते साप्ताहिक इंटरनेटवरही वाचायला मिळते. वाचकाशी असलेले नाते टिकले की पत्राला इतके बदल सोसतात.

आता आपल्या ई-मेलच्या कारभाराकडे वळू या. ई-मेलचा एक मोठा गुण आपण विसरतो. त्याचा मालक कोणी एक नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यावरच्या एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले. पुढे १९८२ साली अशी पत्रे कशी द्यावी-घ्यावी याचे नियम लिहिले गेले आणि ते सर्वांना खुले राहिले. म्हणूनच जीमेलवाला मनुष्य रेडिफमेलवाल्याला बिनदिक्कत पत्र पाठवतो. फेसबुकवरचा मजकूर फेसबुकच्या अंगणातच राहतो. ई-मेलचे तसे नाही.

मग या सेवा कशासाठी लागतात? पाच-पन्नास जणांना पत्र पाठवायचे तर आपली रोजची पेटी पुरते. पण वाचक शेकड्यांनी झाले की यादी सांभाळणे, नवा वाचक नोंदवणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला काढणे, पत्र ठीक दिसेल असे मांडणे, ते रद्दीच्या पेटीत पडू न देणे, ही कामे वाढतात. ती करून देणाऱ्या कंपन्यांना इंग्रजीत ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. शिंदखेड्याच्या स्टेशनावर सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी धरणाऱ्याला प्लॅटफॉर्म म्हणजे काय हे सांगायला नको. प्लॅटफॉर्म रेल्वेचा असतो. त्यावरची गाठोडी ज्याची त्याची असतात. वार्तापत्राच्या व्यवहारात मात्र गाठोडे नक्की कोणाचे, हे विचारून घ्यावे लागते. म्हणून स्थलांतराचा विचार करताना मी चार प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न: वाचकांची वही कोणाची? पूर्वी मासिकाच्या कचेरीत वर्गणीदारांची नोंदवही असे. छापखाना बदलला तरी वही कचेरीतच राही. आज ती वही कंपनीच्या संगणकात असते. ती आपल्याला हवी तेव्हा, पूर्ण, उतरवून घेता येते का? येत असेल, तर कंपनी आवडली नाही तरी आपण मोकळे. येत नसेल, तर आपण तेथे कुळासारखे राबतो आहोत असे समजावे.

ही भीती काल्पनिक नाही. याहू ग्रुप्स या जुन्या सेवेवर जगभरच्या लोकांच्या पत्रमंडळी होत्या. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. ट्विटरने वार्तापत्रांसाठी ‘रेव्ह्यू’ नावाची सेवा घेतली होती. ती १८ जानेवारी २०२३ रोजी मिटली. छोट्या लेखकांची आवडती ‘टायनीलेटर’ २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. ज्यांनी वेळेत यादी उतरवून घेतली, त्यांनी दुसरीकडे संसार मांडला. सरकारी सेवेलाही अमरपट्टा नसतो. आपल्या देशातली तार १५ जुलै २०१३ रोजी थांबली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

येथे व्हॉट्सॲपविषयीही सांगायला हवे, कारण पुष्कळ जण म्हणतात, “सर, ई-मेल कोण बघतो? चॅनेल काढा की!” व्हॉट्सॲप आपल्या गावोगावी पोचले आहे, हे खरेच. पण तेथील चॅनेलला किती जण जोडले आहेत हा आकडा आपल्याला दिसतो; त्या सर्वांच्या क्रमांकांची यादी मात्र मिळत नाही. उद्या चॅनेल बंद पडले, तर त्या वाचकांना शोधायचे कोठे? सबस्टॅक या प्रसिद्ध सेवेवरही असा भेद आहे. जो आपला ई-मेल देऊन वर्गणीदार होतो, त्याचा पत्ता आपल्याला मिळतो. जो नुसता अनुयायी होतो, त्याचा मिळत नाही. आकडा फुगलेला दिसला म्हणून वही भरली असे होत नाही.

दुसरा प्रश्न: पत्र पोचते का? टपाल टाकले म्हणजे पोचले असे आपण पूर्वीही धरत नव्हतो. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पत्र खरोखर त्याच नावाने आले आहे याची तांत्रिक खूण पत्रावर हवी. वाचकाला एका टिचकीत नाव काढून घेता आले पाहिजे. आणि ‘हे पत्र मला त्रासदायक’ अशी तक्रार हजारात तीन जणांच्या आत राहिली पाहिजे. दिवसाला पाच हजार पत्रे धाडणाऱ्यांवर या सगळ्या अटी लागू होतात. आपण तितके मोठे नसलो तरी खूण आणि सभ्यता सर्वांनाच लागते. नवी सेवा ही व्यवस्था नीट करते का, हे पाहावे. नुसत्या रंगीत चौकटींवर भाळू नये.

तिसरा प्रश्न पैशाचा. काही सेवा टक्का घेतात, काही ठरावीक भाडे घेतात. २०१७ साली सुरू झालेली सबस्टॅक वर्गणीच्या रकमेतून दहा टक्के घेते. पत्र फुकट असेल तर काही घेत नाही. २०१३ साली सुरू झालेली ‘घोस्ट’ ही ना-नफा संस्था टक्का घेत नाही, पण तिची तयार सेवा घ्यायची तर भाडे भरावे लागते. यातले काय बरे, हे तोंडी हिशेबाने कळते. समजा, तीनशे वाचक वर्षाला प्रत्येकी १२० रुपये देतात. जमा झाले ३६,००० रुपये. त्यातले दहा टक्के म्हणजे ३,६००. दुसऱ्या सेवेचे भाडे महिन्याला ८०० रुपये धरले, तर वर्षाचे होतात ९,६००. येथे टक्का स्वस्त. वाचक आठशे झाले की दोन्ही सारखे होतात, आणि हजारावर गेले की भाडे स्वस्त पडते. हा हिशेब वर्गात सातवीच्या मुलांकडूनही करून घ्यावा. टक्केवारीचा धडा त्यांना आयुष्यभर आठवेल.

मात्र पैसे घेण्याची वाटही तपासावी. सबस्टॅक आणि तिच्यासारख्या अनेक सेवा ‘स्ट्राईप’ या कंपनीमार्फत पैसे घेतात, आणि त्या कंपनीने २०२४ साली भारतात नव्या खात्यांसाठी निमंत्रणाची अट घातली. आपला वाचक यूपीआयने पैसे देणारा. तेव्हा वर्गणी ठेवायचीच असेल, तर आपल्या वाचकाला जमेल अशी सोय आहे का, हे आधी विचारावे; बिऱ्हाड हलवून झाल्यावर नव्हे.

चौथा प्रश्न शेजाराचा. घर घेताना आपण शेजार पाहतो. अमेरिकेतील पत्रकार कॅसी न्यूटन यांचे ‘प्लॅटफॉर्मर’ हे वार्तापत्र सबस्टॅकवर चांगले चालले होते. पण नाझी विचार पसरवणाऱ्या लेखनाबाबत त्या कंपनीचे धोरण त्यांना पटले नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आपले पत्र ‘घोस्ट’कडे नेले. त्यांचा निर्णय कोणाला पटेल, कोणाला नाही. पण ते जाऊ शकले, कारण वाचकांची वही त्यांना बरोबर नेता आली. तत्त्वासाठी घर सोडायचे तर किल्ली आपल्या खिशात असावी लागते.

आता एक उदाहरण माझ्या जवळचे देतो. आमच्या आणि शेजारच्या तालुक्यांतील काही शिक्षकांना मी दर पंधरवड्याला एक पत्र पाठवतो. वाचक तीनशेच्या आसपास. त्यात अहिराणी शब्दांची चर्चा असते. एका अंकात ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’, म्हणजे मुलगा आणि मुलगी, या शब्दांविषयी लिहिले, तर कितीतरी जणांनी आपल्या गावचे उच्चार आणि आपल्या आजीची बोलणी कळवली. ही उत्तरेच त्या पत्राचा जीव आहेत. कोणत्याही कोशात न आलेला शब्द कधी कधी अशा एका उत्तरातून हाती लागतो, आणि तो सांगणारी म्हातारी माणसे दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत.

आम्ही ज्या सेवेतून पत्र धाडतो, तिने फुकट सोयीची मर्यादा आखडती घेतली. सहकारी म्हणाले, “सर, दुसरीकडे जाऊ. तिथं नवे वाचक आपोआप मिळतात.” आम्ही बसून विचार केला. दुसरीकडचे घर खरोखर देखणे होते. पण आम्ही पाहिलेल्या त्या सेवेत वाचकाने काही म्हणायचे तर आधी तेथे खाते उघडावे, अशी मांडणी होती. आमचे निम्मे वाचक साध्या फोनवर पत्र वाचून तेथूनच उत्तर देतात. त्यांच्यापुढे खाते, परवलीचा शब्द आणि आणखी एक नोंदणी ठेवली असती, तर उत्तरे आटली असती. एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारले, “नवे हजार वाचक येतील, पण ते मला ‘पत्र उनं नही’ असं कळवतील का?” त्यांच्या या एका वाक्याने चर्चेचा निकाल लागला. पत्र आले नाही हे ज्याला जाणवते, तोच आमचा वाचक.

म्हणून आम्ही वर्षभर थोडे भाडे भरून आहोत तेथेच राहायचे ठरवले. त्याबरोबर दोन गोष्टी केल्या. एक, पत्रासाठी स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे ‘डोमेन’, नोंदवून घेतला. त्यामुळे उद्या सेवा बदलली तरी वाचकाला आमचे नाव आणि पत्ता तोच दिसेल. दुसरी, दर अंक गेल्यावर वाचकांची यादी उतरवून घेऊन जपून ठेवण्याची शिस्त लावली. आपल्याकडे आखाजीला सालदाराशी नव्या सालाची बोली होते. कामाचा, धान्याचा, पैशाचा हिशेब होतो, आणि मग दोघे मिळून पुढचे वर्ष ठरवतात. तसाच आमचा आणि सेवेचा हिशेब दर आखाजीला व्हावा असे ठरले आहे. मधल्या काळात रोज उठून बिऱ्हाड हलवण्याचा विचार करायचा नाही.

आम्ही राहिलो, म्हणून सर्वांनी राहावे असे मात्र मी म्हणत नाही. वही मिळत नसेल, पत्रे पोचत नसतील, हिशेब बसत नसेल किंवा शेजार मनाला खुपत असेल, तर अवश्य हलावे. परंतु केवळ दुसऱ्याचे अंगण मोठे दिसते म्हणून हलू नये. प्रत्येक स्थलांतरात काही वाचक वाटेत गळतात. कोणाच्या पेटीत पत्र रद्दीत पडते, कोणाला नवे नाव ओळखू येत नाही, कोणी कंटाळतो. ही गळती धरूनच लाभ मोजावा.

आणि हलायचे ठरलेच, तर ते रीतीने करावे. आधी जुन्या सेवेतून संपूर्ण यादी उतरवून घ्यावी. तिच्याबरोबर ज्यांनी ‘आम्हाला पत्र नको’ असे सांगितले, त्यांचीही यादी न्यावी. ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते, आणि मग नकार दिलेल्या माणसाच्या दारात आपण पुन्हा उभे राहतो. ते असभ्य तर आहेच. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. ज्या कामासाठी पत्ता दिला, त्याच कामासाठी तो वापरावा. शाळेच्या खबरीसाठी घेतलेला पत्ता शिकवणीच्या जाहिरातीसाठी वापरू नये.

मग जुन्या घरातूनच वाचकांना दोनदा कळवावे: अमुक तारखेपासून पत्र नव्या ठिकाणाहून येईल, नाव हेच राहील, तुम्हाला काही करावे लागणार नाही. शक्य असेल तर पहिला अंक नेहमी वाचणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या थोड्या लोकांना पाठवावा. तो नीट पोचला की उरलेल्यांना. जुने अंक स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावे, आणि निवडक अंक छापून शाळेच्या वाचनालयात बांधून ठेवले तर फारच उत्तम. कागदाला परवलीचा शब्द लागत नाही. जुनी जागा दोन-चार महिने तरी बंद करू नये. उशिरा येणाऱ्याला दार उघडे सापडावे. आणि वेळ पाहून हलावे. परीक्षांच्या धांदलीत, किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत, तुमच्या सूचनेकडे पाहायला कोणाला सवड असणार?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हा विषय आपल्या मुलांशीही बोला. ती उद्या शेकडो सेवांवर आपले फोटो, आपले लेखन, आपली ओळख ठेवणार आहेत. ‘हे माझे मला परत नेता येईल का?’ हा प्रश्न विचारायची सवय त्यांना आत्ताच लागली, तर पुढची पुष्कळ फसगत टळेल. आपल्यात विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणतात. ते हिणवून म्हटले जाते. पण वार्तापत्र चालवणाऱ्याने त्यातून एवढे जरूर घ्यावे, की आपला संसार आपल्याला उचलता येईल इतका आटोपशीर आणि आपल्याच ताब्यात असावा.

तेव्हा, श्रोते हो, नव्या सेवेची जाहिरात पुढे आली की आधी आपली वही काढा, तिच्यातली नावे वाचा. ती माणसे तुमचे पत्र कुठे बसून, कशावर वाचतात, उत्तर कसे देतात, हे डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या दृष्टीने जे सोपे, तेच आपल्या पत्रासाठी योग्य. मग राहायचे की जायचे, हे ठरवायला फार वेळ लागणार नाही.